घास हातात धरून

पंगतीत ताटं वाढून झाली, प्रार्थना म्हणून झाली, की मावशी भाकरीचा तुकडा मोडायच्या, वरणात बुडवायच्या आणि तो घास तसाच हातात धरून मान वर करून विचारायच्या, "कोनाच्या नावाचं हाय?"

उत्तर मिळाल्याशिवाय घास तोंडात जात नसे. वरण मनगटापर्यंत ओघळलं तरी नसे.

अकोल्यात आमच्या घरापासून दहा मिनिटांवर गरीब म्हाताऱ्यांचा एक आश्रम आहे. पूर्वी ती एका जिनिंगवाल्याची धर्मशाळा होती. त्याच्या बायकोने शेवटी ती निराधार म्हाताऱ्यांसाठी देऊन टाकली. एक लांबलचक ओसरी, तिच्या मागे ओळीने नऊ खोल्या, एका खोलीत दोन खाटा. अंगणात एक कडुलिंब आणि त्याच्याखाली सिमेंटचा बाक. अशा आश्रमात तुम्ही कधी जेवण दिलं असेल, तर तिथली रीत तुम्हाला ठाऊक असेल. गावातल्या कुणाच्या तरी वडिलांचं वर्षश्राद्ध असतं, कुणाच्या नातीचा वाढदिवस असतो, आणि त्या निमित्ताने एक वेळचं जेवण दिलं जातं. आश्रमाच्या दाराशी एक फळा आहे. त्यावर त्या दिवशीचं नाव लिहायचं. दिवंगताचं असेल तर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ', हयात माणसाचं असेल तर 'यांच्या वाढदिवसानिमित्त'.

तो फळा मी लिहितो. तेल्हारा तालुक्यातल्या शाळांमधून मास्तरकी करून मी निवृत्त झालो आणि सकाळच्या फिरण्याला काहीतरी मुक्काम हवा म्हणून हे काम अंगावर घेतलं. माझं अक्षर चांगलं आहे. हे लोक सांगतात. लोकांनी सांगायला उशीर केला तर मी आठवण करून देतो. नावाभोवती रंगीत खडूने वेल काढायची माझी पद्धत आहे. ती पाहून एका घरच्या लोकांनी फळ्यासमोर उभं राहून फोटो काढला होता आणि मला बाजूला व्हायला सांगितलं होतं.

तर एवढ्या मेहनतीने लिहिलेलं नाव दाराशी असताना ही बाई रोज तेच विचारते, याचा मला पहिल्यांदा रागच आला. मग कळलं की त्यांना वाचता येत नाही. म्हणून एकदा मी त्या विचारायच्या आतच फळ्यावरचं नाव मोठ्याने वाचून दाखवलं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. घास हातातच होता.

"नाव आयकलं, गुरुजी. मानूस सांगा ना. कसे होते? काय आवडे त्याईले?"

आता हे मला कुठून माहीत असणार? मी जेवण देणाऱ्या घरच्या मुलाकडे पाहिलं. तो बँकेत साहेब होता, आईच्या नावाने जेवण घेऊन आला होता. तो म्हणाला, आई फार प्रेमळ होती. मावशी म्हणाल्या, "त्या त साऱ्याईच्याच असतात. खायाले काय आवडे?" साहेब विचारात पडला. मग त्याने कबूल केलं की त्याला नक्की सांगता येणार नाही, आई सगळ्यांचं झाल्यावर जेवायची. मावशींनी मान हलवली आणि घास तोंडात घातला. पुढच्या वर्षी तोच साहेब आला आणि पंगतीला कुणी विचारायच्या आधी म्हणाला, "बहिणीला विचारलं. मुगाचे लाडू आवडायचे. आणलेत." मावशी म्हणाल्या, "पाह्य, सापडलं ना?"

अशा रीतीने त्या अर्ध्या अकोल्यातल्या मेलेल्या माणसांची माहिती ठेवून होत्या. कोण चहात साखर घालू देत नसे, कुणाला रेडिओ लागल्याशिवाय झोप येत नसे, कोण रागावलं की जोडे पुसत बसायचं. एका घरच्यांनी सलग दुसऱ्या वर्षी वांग्याची भाजी आणली, तेव्हा मावशींनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्या बापाले वांगं चालत नोतं ना? मंग काहून आनता?" घरची सून पदर तोंडाला लावून हसली. वांगी नवऱ्याला आवडायची, हे त्यावरून आम्हाला कळलं.

मावशी मूळच्या पातूरकडच्या. माळ्याच्या घरच्या. बरीच वर्षं अकोल्याच्या बाजारात पोत्यावर बसून भाजी विकली. गुडघे गेले आणि मग इथे आल्या. अंगाने बारीक, आवाज मात्र बाजाराच्या या टोकाचा त्या टोकाला जाईल असा. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला होता. एवढं आश्रमाच्या नोंदीत होतं आणि सुरुवातीला मलाही एवढंच माहीत होतं.

पण मास्तराला खोड असते. वर्गात एखादं पोरगं रोज एकाच वेळी खिडकीबाहेर बघत असेल तर मास्तर शिकवणं सोडून खिडकीत काय आहे ते बघतो. माझ्या लक्षात आलं की मावशींच्या प्रश्नांना एक शेपूट आहे. नाव एखाद्या बाईचं असेल, तरुण पोराचं असेल, नव्वदीतल्या आजोबांचं असेल, तर त्या आवडीनिवडी विचारून जेवायला लागतात. पण नाव साठी-सत्तरीच्या पुरुषाचं असलं की शेवटी एक प्रश्न येतो.

"डावखुरे होते काय?"

लोक चमकायचे. हा काय प्रश्न झाला? नाही, उजवेच होते, असं सांगायचे. मग मावशी म्हणायच्या, "मंग ठीक हाय." आणि असा घास तोंडात घालायच्या की जणू दोन दिवसांच्या उपाशी आहेत. ज्या दिवशी हा प्रश्न यायचा त्या दिवशी त्या अर्धी भाकर जास्त खायच्या. हे मी मोजून पाहिलं आहे. निवृत्त माणसाला वेळ असतो.

आश्रम चालवणाऱ्या मॅडमना मी विचारलं. त्या म्हणाल्या, म्हातारपण आहे, डोक्यात एखादी गोष्ट बसते. मला ते पटलं नाही, कारण बाकी मावशींच्या डोक्यात माझ्यापेक्षा जास्त गोष्टी नीट बसलेल्या होत्या.

दुसरी एक गोष्ट होती. आश्रमात एक टेलरकाका आहेत. आयुष्यभर लोकांच्या पँटी शिवल्या आणि अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात कायमचा मांडीवर पडला. जीभही जड झाली. डाव्या हाताने जेवावं लागतं म्हणून ते पंगतीत बसत नसत, खोलीत भिंतीकडे तोंड करून एकटे जेवत. मावशी आल्या त्याच आठवड्यात त्यांनी काकांचं ताट उचलून पंगतीत आपल्या शेजारी ठेवलं आणि म्हणाल्या, "इथं बसा. कोन काय म्हनते, मी पाहतो." एकदा जेवण द्यायला आलेल्या एका आजीबाईंनी काकांना गोड आवाजात सांगितलं की अन्न उजव्या हातानेच घ्यावं. मावशी ताटावरून त्यांच्याकडे वळल्या. "त्याईचा हात हाय, बाई. कोनता वापरायचा ते त्याईले ठरवू द्या." बोलणं साधंच होतं, पण आवाज बाहेर रस्त्यापर्यंत गेला. एवढ्याशा गोष्टीवर एवढा राग कशाला, असं मला तेव्हा वाटलं.

शेवटी मी सरळ विचारलं. त्या बाकावर बसून मेथी निवडत होत्या. आश्रमात राहणाऱ्यांनी गॅसजवळ जायचं नाही असा नियम आहे, पूर्वी एकीचं लुगडं पेटलं होतं म्हणून. पण भाजी निवडायला बंदी नाही. मी शेजारी बसलो, एक जुडी ओढली आणि म्हणालो, "मावशी, डावखुरं कोण होतं?"

त्यांनी माझ्या हातातली जुडी काढून घेतली, कारण मी देठं ठेवून पानं टाकत होतो.

"माया भाऊ," त्या म्हणाल्या. "सुखदेव."

मग त्यांनी जे सांगितलं ते निवडता निवडताच सांगितलं. आईबाप लवकर गेले. सुखदेव त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान, त्यांनीच वाढवला. लग्न झालं, नवरा गेला, त्या परत माहेरच्या गावी आल्या आणि बहीणभाऊ एका मोठ्या शेतकऱ्याच्या मळ्यात कामाला लागले. सुखदेव जन्मापासून डावखुरा. विळाही डाव्या हाताने चालवायचा. विळे सगळे उजव्या हाताचे, त्यामुळे एकदा उजव्या अंगठ्याचा अर्धा तुकडाच जायचा होता. तिथे कायमची खोक राहिली.

"घरी डाव्या हातानं जेवे. म्या काही म्हनत नोती," त्या म्हणाल्या. "पन पंगतीत लोकाईले चालत नाई ना."

पोळ्याच्या दिवशी मालकाच्या घरी सगळ्या गड्यांची पंगत असे. सुखदेव तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा. त्याने डावा हात ताटात घातला आणि पंगतीतला एक म्हातारा म्हणाला की हा इथं बसला तर आम्ही उठतो. मावशी बायकांच्या बाजूला वाढत होत्या. त्यांनी पदराची चिंधी फाडली, सगळ्यांसमोर भावाचा डावा हात मागे घेतला आणि करगोट्याला बांधून टाकला. म्हणाल्या, आता जेव. त्याने उजव्या हाताने घास उचलला. कढी सदऱ्यावर सांडली. पंगत हसली. मावशीही हसल्या.

"मी बी हासली, गुरुजी," त्या म्हणाल्या आणि पुढची जुडी ओढली.

सुखदेव घास ताटात ठेवून उठला. दुसऱ्या दिवशी, पोळ्याच्या करीला, उजाडायच्या आत गाव सोडून गेला. कुणी म्हणालं ट्रकवर गेला, कुणी म्हणालं बडनेऱ्याला गाडीत बसताना दिसला. त्यानंतर काही नाही. मावशी पुढे अकोल्याला आल्या त्याही याच आशेने, की बाजारात दहा गावची माणसं येतात, कधीतरी एखादा गिऱ्हाईक डाव्या हाताने वांगी निवडेल.

"आता तो बी म्हातारा झाला असन," त्या म्हणाल्या. "नाव बदललं असन. मोठा मानूस बी झाला असन, काय सांगता येते? कोनाच्या घरचा बाप झाला असन, आन मेला असन, आन त्याच्या नावाचं जेवन मायाच ताटात येईन आन मले मालूमच नाई पडन. म्हनून इचारतो. नाई म्हनले का मंग खातो."

आता मला त्या अर्ध्या जास्तीच्या भाकरीचा उलगडा झाला. प्रत्येक 'नाही'बरोबर सुखदेव आणखी एक दिवस जगत होता. मी इतकी वर्षं फळ्यावर नावं लिहिली, वेली काढल्या. त्यातलं त्या वयाच्या पुरुषाचं प्रत्येक नाव या बाईच्या छातीत धडकी भरवून जात होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मला माझ्या वेलींची लाज वाटली.

'हो' असंही उत्तर एकदा आलं होतं, त्यांनी सांगितलं. मी त्या दिवशी बाहेरगावी होतो. मावशींनी घास ताटात ठेवला आणि दुसरा प्रश्न विचारला, उजव्या अंगठ्याला कापल्याचं निशान होतं काय? नव्हतं. शिवाय तो माणूस सोलापूरकडचा निघाला. "पन त्या दिशी भाकर गेली नाई," त्या म्हणाल्या.

यानंतरची गोष्ट सांगताना मला माझी फजिती सांगावी लागते, त्याला इलाज नाही.

आमच्या भागात एक माजी नगरसेवक आहेत. त्यांच्या एकसष्टीचं जेवण आश्रमात ठरलं. गळ्यात हार, मागे वीसेक कार्यकर्ते, दोन फोटोवाले, जिलबीची परात. मी सकाळी नेहमीप्रमाणे फळा लिहून ठेवला होता. खास माणूस म्हणून वेलीला फुलंही काढली होती. महाशय दाराशी आले, फळ्यासमोर उभे राहिले आणि हसू चेहऱ्यावर तसंच राहून डोळ्यांतलं गेलं. मी मागून डोकावलं. माझ्या हाताने, सुंदर वळणदार अक्षरात, 'कै.' लिहून त्यांचं नाव लिहिलं होतं. महिनाभर सलग स्मरणार्थच लिहीत होतो, हात वळणावर गेला.

मी पुढे झालो आणि शर्टाच्या बाहीने ते अक्षर पुसलं. पण वीस माणसांनी ते वाचलं होतं. साहेबांच्या पत्नी बाकावर बसल्या त्या उठेचनात. एक कार्यकर्ता माझं नाव विचारू लागला. फोटोवाल्याने फोटो आधीच काढलेला होता. पंगत मात्र बसली, कारण जिलबी गरम होती. आणि त्या शांततेत मावशींचा आवाज आला, "कोनाच्या नावाचं हाय?"

"माझ्या," साहेब दातांवर दात ठेवून म्हणाले.

मावशींनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी त सामने उभे हाय."

मॅडमनी घाईघाईने सांगितलं की गुरुजींकडून चुकून कैलासवासी लिहिलं गेलं. तशा मावशी एकदम खूश झाल्या. साहेबांच्या पत्नीकडे वळून म्हणाल्या, "मंग रडता काहून, बाई? जित्या मानसाचं चुकून मेला म्हनून नाव निंघालं का त्याचं आयुष्य वाढते. आमच्या गावात साऱ्याईले ठावं हाय. गुरुजीनं दहा वर्सं वाढवले तुमच्या मालकाचे."

ही समजूत आपल्या सगळ्यांच्याच घरांत आहे. त्या बाईंनीही ती आजीकडून ऐकलेली असणार, कारण त्यांनी डोळे पुसले आणि नवऱ्याच्या तोंडात जिलबी घातली. कार्यकर्ते हसले. साहेबांनी मला पाठीवर थाप मारली, जरा जोरात मारली. मावशींनी शेवटी विचारलंच, "डावखुरे हाय काय तुमी?" नाही म्हणाले. "मंग ठीक हाय."

मला वाटलं विषय संपला. पण दर पंधरा दिवसांनी मावशी मला विचारू लागल्या, "ते जिलबीवाले कसे हाय?" मी सांगायचो, चौकात दिसले होते, ठीक आहेत. "तब्बेत?" वाढली आहे. "चालनं-बोलनं?" बोलणं तर फारच वाढलं आहे. त्या समाधानाने मान हलवायच्या. असे तीन-चार महिने गेले. त्या साहेबांची एवढी काळजी त्यांच्या मतदारांनीही कधी केली नसेल, आणि कशासाठी करताहेत ते मला उमजत नव्हतं.

पोळा आठ दिवसांवर आला तेव्हा उमजलं. मी फळ्यापाशी होतो. मावशी गुडघ्यावर हात ठेवत ठेवत आल्या, माझ्या शेजारी उभ्या राहिल्या.

"गुरुजी, करीच्या दिशी सुखदेवचं नाव लिवा. कैलासवासी लावून लिवा."

मी खडू खाली ठेवला. "मावशी, अहो, तो गेला असं तुम्हाला वाटतं का?"

"मले काही वाटत नाई. मले मालूमच नाई." त्या अगदी बाजारात भाव समजावून सांगावा तशा सांगू लागल्या. "पाहा. तो मेला असन त त्याच्या नावाचं जेवन त्याले पोचन. उपाशी उठला होता तो. आन जिता असन, त हे चुकीचं झालं. मंग त्याचं आयुष्य वाढन. त्या जिलबीवाल्याले काही झालं काय? दोन्हीकडून पोट्ट्याचं चांगलंच हाय."

मी मास्तर. चूक दाखवल्याशिवाय मला राहवत नाही. म्हणालो, "पण मावशी, आयुष्य वाढायला ते चुकून लिहावं लागतं. आपण तर जाणूनबुजून लिहिणार."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे दयेने पाहिलं. "तुमाले मालूम हाय काय, तो हाय का नाई ते?"

"नाही."

"मंग? तो असला, त तुमच्या हातून चूकच झाली ना?"

छत्तीस वर्षं मी पोरांना शिकवलं. या युक्तिवादात मला आजही कुठे खोट काढता आलेली नाही.

मॅडमनी एक गोष्ट मान्य केली, एक नाही. स्वयंपाक मावशींनी करायचा नाही, पण पहिली भाकर तेवढी त्यांनी थापायची. शेजारी स्वयंपाकाची बाई उभी राहील. जुन्या बाजारातल्या ओळखीच्या बायकांनी अंबाडीच्या जुड्या पाठवल्या. सुखदेवला अंबाडीची भाजी फार आवडायची. ही माहिती मात्र मावशींना कुणाला विचारावी लागली नाही.

करीच्या सकाळी मी फळा धुतला. 'कै.' लिहिताना माझा हात कधी अडला नव्हता, त्या दिवशी अडला. मावशी पाठीमागे उभ्या होत्या. वाचता येत नव्हतं, पण त्यांनी विचारलं, "लिवलं काय ते?" लिहिलं म्हणालो. पुढे सुखदेवचं पूर्ण नाव लिहिलं. वेल काढली नाही. त्यांनी त्या अक्षरांवरून लांबूनच हात फिरवला, खडू पुसू नये म्हणून.

पंगत बसली. मावशी त्या दिवशी बसल्या नाहीत, वाढत होत्या. पहिली भाकर त्यांनी चार तुकडे करून वाढली. आणि मग मी पाहिलं की सतराच्या सतरा माणसं घास हातात धरून बसली आहेत. इतक्या वर्षांच्या सवयीने असेल, किंवा ठरवून असेल. टेलरकाकांनी जड जिभेने, एकेक शब्द उचलत विचारलं, "कोनाच्या... नावाचं... हाय?"

"माया भावाच्या," मावशी म्हणाल्या.

"कसे... होते?"

मावशींनी सांगितलं. रानात शीळ घालायचा. पाखरांना दगड मारत नसे. अंबाडीची भाजी तीनदा मागून घ्यायचा. बहिणीला बाई म्हणायचा. त्या सांगत होत्या आणि आम्ही ऐकत होतो. तेवढ्यात काका, मावशींचा पुढचा प्रश्न पाठ होता म्हणून, विचारून बसले, "डावखुरे... होते... काय?"

मावशी भाकरीची टोपली धरून उभ्या राहिल्या. या प्रश्नाला त्यांनी स्वतः कधी उत्तर दिलं नव्हतं.

"हो," त्या म्हणाल्या. "डाव्या हातानंच जेवे. म्या बांधला होता तो हात. बांधाले नाई पायजे होता."

मग टेलरकाकांनी डाव्या हातातला घास तोंडात घातला. त्यांच्या शेजारच्या म्हातारीने आपला घास उजव्यातून डाव्या हातात घेतला आणि खाल्ला. मग पुढच्याने. सवय नसल्यामुळे सगळ्यांच्या अंगावर भाजी सांडत होती. मीही एक ताट घेऊन बसलो. माझ्या सदऱ्यावर अंबाडीचा डाग पडला तो अजून आहे. या वेळी कुणी हसलं नाही, मावशी मात्र हसल्या, आणि पदर डोळ्यांना लावला.

मला वाटलं होतं, आता त्यांचं विचारणं थांबेल. दुसऱ्या दिवशी कुणाचंसं वर्षश्राद्ध होतं. मावशींनी घास धरला आणि विचारलं, "कोनाच्या नावाचं हाय?" जेवण झाल्यावर मी म्हणालो, "मावशी, काल तर त्याचं नाव होऊन गेलं." त्या म्हणाल्या, "काल त्याचं जेवन झालं. तो हाय का नाई, ते कुठी मालूम पडलं?"

थंडीत मावशी गेल्या. दोन दिवसांच्या तापाने, फार त्रास न होता. त्यांच्या तेराव्याला मी त्यांच्या नावाआधी 'कै.' लिहिलं, आणि हे चुकीचं असतं तर किती बरं झालं असतं असं वाटलं. पंगतीत घास हातात धरून सगळे माझ्याकडे पाहत होते. कशा होत्या ते मी सांगितलं, आणि खायला काय आवडायचं तिथे येऊन थांबलो. मला माहीत नव्हतं. रोज भेटायचो, त्यांनी गावभर विचारलं, आणि त्यांना कुणी विचारलंच नाही. टेलरकाका म्हणाले, "करपलेली... भाकर... आन गूळ." ते शेजारी बसायचे, त्यांनाच ठाऊक.

या उन्हाळ्यातली गोष्ट सांगतो. बडनेऱ्याहून एक बाई आल्या होत्या. चाळिशीच्या, रेल्वेत नोकरीला. माहेर अकोल्याचं, म्हणून वडिलांचं वर्षश्राद्ध इथे. वडील सत्तरीच्या आत गेले होते. पंगत बसली. मावशींच्या जागेवर आता कुणी बसत नाही, टेलरकाकांच्या डावीकडे एका ताटाएवढी पट्टी मोकळी राहते. काकांनी घास धरला आणि विचारलं, कोनाच्या नावाचं, कसे होते. बाईंनी सांगितलं. मग काकांनी शेवटचा प्रश्न विचारला. तो का विचारायचा, हे मी सोडून तिथे कुणालाच नीट माहीत नाही. मावशी विचारायच्या म्हणून विचारतात.

"डावखुरे... होते... काय?"

"हो," बाई चकित होऊन म्हणाल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

मी ओसरीच्या खांबाला टेकून उभा होतो. त्या मोकळ्या जागेकडे माझी नजर गेली आणि परत आली. सगळे घास हातात धरून होते. दुसरा प्रश्न माहीत असलेला मी एकटाच उरलो होतो. विचारू नये असं फार वाटलं. पण मग मावशींच्या जागी कोण विचारणार?

"ताई," मी म्हणालो, "वडिलांच्या उजव्या अंगठ्याला कापल्याची जुनी खोक होती का?"

बाईंनी आठवून पाहिलं. स्वतःचा उजवा अंगठा उचलून त्याच्याकडे पाहिलं, जणू त्यातून वडिलांचा दिसेल.

"नाही," त्या म्हणाल्या. "नव्हती."

"मंग ठीक हाय," मी म्हणालो, आणि टेलरकाकांनी घास तोंडात घातला.